विश्रांती वाढली, नोकऱ्या घटणार का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. बिरसीच्या विमान प्रशिक्षण संस्थेत जाऊन पायलट व्हायचं म्हणतो. पण पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनी डिसेंबरात एवढी विमानं रद्द झाली. मग नोकऱ्या कमीच होतील ना? कर्ज काढावं का?
– एक पालक, केशोरी (जि. गोंदिया)

उत्तर : तुमचा हिशेब उलटा झालाय. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग ६ वरून २ वर आली. म्हणजे तेवढ्याच उड्डाणांना जास्त पायलट लागणार. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं अडली ती मुख्यतः पायलट कमी पडल्यामुळे. रोवणी तेवढीच ठेवून बायांची सुट्टी वाढवली, तर मजूर जास्त सांगावे लागतात ना, तसंच.

मात्र कंपन्यांना आधी अनुभवी कॅप्टन हवे असतात. २०० तास उड्डाण करून लायसन्स घेतलेल्या पोराला टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च वेगळा, वर वाट पाहणं आलंच. म्हणून बांधी गहाण टाकण्याआधी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तिथेच थांबता येईल. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना, तेही बघा. आणि नोकरीची हमी देणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.