पडद्यावरचं बारीक अक्षर

चि. मृणाल,

पिंपळे गुरवच्या क्लासमध्ये तू ऑटोकॅड शिकवायला लागलीस, याचा फार आनंद झाला. संध्याकाळच्या बॅचला भोसरी-चाकणची पहिली पाळी करून मुलं येतात, असं फोनवर म्हणालीस. पहाटे उठून दिवसभर मशीनवर उभा राहिलेला मुलगा मागे बसतो आणि पडद्यावरचं त्याला वाचता येत नाही. तो ते बोलून दाखवत नाही. वहीत काहीतरी उतरवत राहतो आणि एक दिवस यायचाच थांबतो. म्हणून हे पत्र.

माउसचं चाक फिरवलं की ड्रॉइंग मोठं होतं, पण खालची कमांड लाइन आणि डायमेन्शन स्टाइलच्या खिडकीतले आकडे तेवढेच बारीक राहतात. शिकणाऱ्याचं अडतं ते तिथंच. त्यासाठी झूमइट घे. मार्क रुसिनोविच यांनी केलेलं हे फुकट साधन मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये मिळतं, २०२५ पासून पॉवरटॉइजमध्येही आहे. कंट्रोल-१ ने पडदा मोठा होतो, कंट्रोल-२ ने त्यावर रेघोट्या मारता येतात, एस्केप दाबलं की सगळं पूर्ववत. पण ऑटोकॅडमध्ये कंट्रोल-१ म्हणजे प्रॉपर्टीज आणि कंट्रोल-२ म्हणजे डिझाइन सेंटर. दोघांची टक्कर होते. तेव्हा झूमइटच्या कळा पहिल्याच दिवशी बदलून टाक. मुलांना उद्या कंपनीत ऑटोकॅडच्याच कळा लागणार आहेत.

आणखी एक. झूमइटच्या साध्या झूममध्ये पडदा गोठतो. कमांड चालू ठेवून दाखवायचं असेल तर लाइव्ह झूम वापर. त्याची मूळ कळ कंट्रोल-४.

खुणा मात्र कमी कर. खूण करताना शिफ्ट धरून ओढलं की सरळ रेघ येते, कंट्रोल धरलं की चौकोन, दोन्ही धरली की बाण. एवढं पुरे. एका वेळी एकच खूण, मग थोडं थांबायचं, मग ई दाबून पुसायचं. पडदाभर गिरगटलेलं कुणी वाचत नाही. ऑटोकॅडच्या काळपट पडद्यावर पिवळा रंग उठून दिसतो. ‘लाल बघा, हिरवं बघा’ असं म्हणू नकोस. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि तुझा वर्ग बहुतेक मुलग्यांचाच आहे. ‘बाणाजवळचा आकडा’ म्हण.

एखाद्याची नजरच अधू असेल तर त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं मॅग्निफायर लावून दे. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह, बस्स. हे त्याला एकट्याला गाठून सांग, वर्गासमोर नको.

सोमवारी बॅच सुरू होण्याआधी स्वतः मागच्या बाकावर जाऊन बस आणि तिथून कमांड लाइन वाचता येते का बघ. येत नसेल तर त्याच दिवसापासून हे सुरू कर, आणि काय फरक पडला ते मला कळव.

तुझा,
मामा