प्रसूती रजेनंतरचे अर्धवेळ काम : कायदा आणि वाटाघाटी

स्त्रियांच्या श्रमसहभागाचा विषय आला की परीक्षार्थींची उत्तरे बहुधा रजेच्या आठवड्यांपाशी येऊन थांबतात. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ अन्वये १२ आठवडे असलेली रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, एवढे बहुतेकांना पाठ असते. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यात काय, हा अर्थशास्त्रीयदृष्ट्या अधिक अवघड प्रश्न होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये मूळ अधिनियमातील तरतुदी समाविष्ट झाल्या आहेत. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दररोज दोन विराम, तसेच पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार भेटी, हे हक्क आहेत. घरून काम करण्याची मुभा मात्र कामाचे स्वरूप तसे असल्यास आणि उभयपक्षी ठरलेल्या अटींवरच मिळते. मालक ती देऊ शकतो, त्याने ती दिलीच पाहिजे असे नाही. कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्क संहितेच्या या प्रकरणात नाही. तो विषय वाटाघाटींवर सोपविला गेला आहे.

या वाटाघाटी समबलांच्या नसतात. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेर रजेतील वेतनाचा संपूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. साहजिकच रजेहून परतलेली स्त्री आणखी सवलत मागू लागली की ती ‘महाग’ ठरते. शिवाय, २०२३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखविल्याप्रमाणे, काही व्यवसायांत दीर्घ व अवेळी काम करणाऱ्यांना तासामागेही अधिक मोबदला मिळतो. अशा ठिकाणी निम्मे तास म्हणजे निम्म्याहूनही कमी वेतन.

तास कसे कमी केले जातात, याला किती महत्त्व आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. प्रसूती लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या दराने मिळतो आणि ही सरासरी रजेपूर्वीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवरून काढतात. समजा, एका स्त्रीचे दैनिक वेतन १,००० रुपये आहे. तिने रोज अर्धा दिवस काम स्वीकारले आणि त्याच काळात दुसरे बाळंतपण आले, तर सरासरी ५०० रुपये होईल व १८२ दिवसांचा लाभ १,८२,००० ऐवजी ९१,००० रुपयांवर येईल. तिनेच आठवड्यातून तीन पूर्ण दिवस काम पत्करले असते, तर काम केलेल्या दिवसांची सरासरी १,००० रुपयेच राहिली असती. तास जवळपास तेवढेच, लाभ दुप्पट! शेवटच्या वेतनावर मोजल्या जाणाऱ्या उपदानाचाही, म्हणजेच ग्रॅच्युइटीचाही, विचार अशा वेळी करावा लागतो.

म्हणून, प्रस्तुत लेखकाच्या मते, मुदत आणि पूर्णवेळ परतीची हमी लेखी घेणे हा या वाटाघाटींचा गाभा आहे. जर्मनीने २०१९ मध्ये नेमकी हीच हमी कायद्यात आणली : पंचेचाळीसहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत एक ते पाच वर्षे तास कमी करून पुन्हा मूळ तासांवर परतता येते. ब्रिटनमध्ये २००३ पासून लहान मुलांच्या पालकांना लवचीक कामाची ‘विनंती’ करण्याचा हक्क मिळाला. एप्रिल २०२४ पासून कोणताही कर्मचारी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ती करू शकतो. विनंतीचा हक्क आणि तास कमी करण्याचा हक्क यांतील भेद उत्तरात अवश्य दाखवावा. अर्धवेळ कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९४ चा करार, क्रमांक १७५, भारताने अनुसमर्थित केलेला नाही.

केंद्र सरकारी सेवेतील ७३० दिवसांची बालसंगोपन रजा अनेक विद्यार्थी अर्धवेळ कामाचे उदाहरण म्हणून देतात. ते योग्य नव्हे. पहिले ३६५ दिवस पूर्ण व पुढील ३६५ दिवस ८० टक्के वेतन देणारी ही सवलत मौल्यवान आहे, यात शंका नाही. परंतु ती रजा आहे आणि एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते. रोज दोन तास लवकर घरी जाण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.