चुलीची निगा

१९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील खेड्यांत आता गॅसची शेगडी पोहोचली आहे. तरी कित्येक घरांत मातीची चूल अजूनही पेटते.

चुलीला लाकडाइतकीच हवेचीही गरज असते. राख साचली की हवेची वाट अडते, लाकूड धुमसते व घरभर धूर कोंडतो. हा धूर स्वयंपाक करणाऱ्या आईच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपाय करतो. म्हणून रोज चूल पेटविण्यापूर्वी राख काढावी.

मात्र राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो. अशी राख तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळलेल्या काडाच्या, ढिगाजवळ टाकल्यास गुरांचा वर्षाचा चारा क्षणात पेटेल. तिच्यावर पाणी शिंपडून ती पूर्ण विझवावी.

नंतर चुलीच्या भेगा पाहाव्यात. मातीत धानाचा भुसा मळून त्या बुजवाव्यात. भुशामुळे माती वाळताना फारशी तडकत नाही. शेवटी पोतेरे फिरवावे व चूल सुकू द्यावी.

एवढ्याने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. आईच्या डोळ्यांतील पाणी कमी करणारे हे काम मुलगा असो वा मुलगी, दोघांनीही शिकावे.