आधी तंबाखू सोड, मन मागोमाग येईल

निपाणी

चि. बाळ यास,

उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळी लागल्यापासून तू तंबाखू मळायला लागलास, असं तुझी आई सांगत होती. तिनं हटकलं तर म्हणालास, "टेन्शन कमी झालं की सोडतो." बाळा, हा हिशेब उलटा आहे.

तुझी आजी इथल्या वखारीत जायची. दिवसभर तंबाखू चाळायची; नाकातोंडाला पदर बांधला तरी ठसका थांबायचा नाही. सुट्टीत बाया मशेरी लावून बसायच्या. भूक मरायची, घटकाभर शीण विसरायचा. अक्कल नव्हती म्हणून नव्हे, दुसरा विसावाच नव्हता म्हणून. पुढे निपाणीच्या याच कामगार बायांनी संघटना बांधली. १९८२ सालचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट मिळाला तर जरूर बघ. मनातलं चारचौघींत बोलता आलं की खचलेल्या बाईलाही केवढं बळ येतं, ते त्यात दिसतं.

तुला चिमटीनंतर बरं वाटतं, कारण आधीच्या चिमटीचा अंमल उतरून झालेली चिडचिड ती शमवते. म्हणजे टेन्शन वाढवणारी तीच आणि घालवणारीही तीच. सिगारेट सोडणाऱ्यांवरचे २६ अभ्यास २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एकत्र मांडले गेले. सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांपेक्षा कमी झालेला आढळला. तू सिगारेट ओढत नाहीस, पण निकोटिन तेच.

दुसरं, एकटा राहू नकोस. हार्वर्डवाले १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेत आहेत. पन्नाशीत नात्यांत समाधानी असलेली माणसं ऐंशीत जास्त धडधाकट निघाली. जगण्यात गोडी असली की माणूस आपणहून वेळेवर जेवतो, झोपतो, अंगाला जपतो. म्हणून खोलीत एकट्यानं डबा उघडू नकोस, जोडीदारांबरोबर जेव. पाळी सुटल्यावर मोबाइल बाजूला ठेवून पुरती झोप घे. साहेब बोलले, पगार पुरला नाही, तर ते गिळू नकोस, घरी सांग.

सोडल्यावर पहिले काही दिवस जीव कासावीस होईल, झोप मोडेल. काही आठवड्यांत ते ओसरतं. १८००११२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, लाजू नकोस.

सोडायची तारीख ठरव आणि मला कळव. त्या आठवड्यात मी रोज फोन करीन. माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण फोन उचल.

तुझी,
आत्या