केस पेपर आधी वाचा, कोडिंग मागाहून

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करते आहे. धाकटा भाऊ पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा दोघांना मिळून वैद्यकीय माहितीशास्त्रात संशोधन करायचं आहे. पण मला कोडिंग येत नाही आणि त्याला वैद्यकातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करावी? डेटा कुठे मिळतो? परदेशी गेल्याशिवाय हे जमतं का?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : तुम्ही अडचण म्हणून जे लिहिलं आहे, त्यासाठी इतर लोक जोडीदार शोधत फिरतात. या विषयात एकट्या डॉक्टरचं किंवा एकट्या इंजिनिअरचं काम बहुधा लंगडं राहतं. तुमच्या तर घरातच जोडी आहे. फक्त क्रम चुकवू नका. पुष्कळ जण आधी पायथॉनचा क्लास लावतात, मग डेटा शोधतात आणि शेवटी त्या डेटाला साजेसा प्रश्न शोधत बसतात. तुम्ही प्रश्नापासून निघा, आणि तो प्रश्न तुमच्या वॉर्डातला असू द्या.

प्रश्न किती साधा असावा? अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रिजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधले डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी 1976 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एखाद्या औषधासोबत करायची तपासणी राहून गेली किंवा उपचार बदलावा असा रिपोर्ट आला, की संगणक डॉक्टरांसाठी तशी सूचना छापून देई. सूचना मिळाली तेव्हा डॉक्टरांनी 51 टक्के प्रसंगी दखल घेतली. नव्हती तेव्हा 22 टक्के. डॉक्टर तेच होते, त्यांचं ज्ञानही तेच. ओपीडीच्या गर्दीत माणसाच्या ध्यानात सगळं राहत नाही, एवढंच त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झालं. या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, तरी तो आजही या विषयाचा पाया मानला जातो.

तुमच्याकडेही असे प्रश्न रोज समोर येत असतील. डिस्चार्ज कार्डावर औषध किती दिवस घ्यायचं हे किती वेळा लिहिलेलंच नसतं? लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाल्यापासून तो डॉक्टरांनी पाहीपर्यंत किती तास जातात? त्याच रुग्णाला दुसऱ्यांदा आल्यावर नवा नंबर मिळतो आणि जुना केस पेपर हरवतो, असं शंभरात किती जणांचं होतं? यातला कोणताही प्रश्न पहिल्या शोधनिबंधाला पुरेसा आहे. तुमचा भाऊ बहुधा म्हणेल, “ताई, आपण ॲप बनवू.” त्याला थोडं थांबवा. आजार कळल्याशिवाय गोळी देऊ नये, हे त्याला तुम्हीच सांगू शकता.

आता केस पेपर आधी वाचायला का सांगितलं ते. रुग्णालयातली नोंद म्हणजे निव्वळ रोगाची हकिगत नव्हे. कोणाला आधी तपासलं, कोणाला कुठे हलवलं, कोणती चाचणी कधी सांगितली, हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. पिट्सबर्गमध्ये 1990च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला मृत्यूचा धोका जास्त, हे संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न झाला. संगणक शिकला तो असा, की दमा असलेल्यांना धोका कमी! नोंदींच्या हिशेबानं ते खरंच होतं. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत, कसून उपचार करत आणि म्हणून तो वाचे. या शहाणपणावर विसंबून कोणी दम्याच्या रुग्णाला घरी पाठवलं असतं, तर? रिच कारुआना या संशोधकानं 2015 साली हे उदाहरण सविस्तर मांडलं. शोधून वाचाच.

दुसरं उदाहरण 2018 सालचं, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की रुग्ण जगेल का याचा अंदाज तपासणीच्या आकड्यापेक्षा ती कधी केली यावरून पुष्कळदा जास्त बरोबर येतो. तुलना शक्य असलेल्या 174 तपासण्यांपैकी 118 बाबतींत असं आढळलं. यात चमत्कार नाही. पहाटे तीनला कोणी हौसेनं रक्त काढत नाही. त्या वेळी तपासणी सांगितली, म्हणजे डॉक्टरांना काळजी वाटली होती. ही गोष्ट रात्रपाळी केलेल्या इंटर्नला लगेच उमगते. नुसता तक्ता पाहणाऱ्या इंजिनिअरला ती कोणी सांगावी लागते. या संशोधनात तुमचं खरं भांडवल ते आहे.

डेटा कुठे मिळतो, तेही पाहू. सरावासाठी ‘मिमिक’ हा संग्रह उत्तम. बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस मेडिकल सेंटरच्या अतिदक्षता विभागातल्या नोंदी, नाव-गाव काढून, एमआयटीच्या प्रयोगशाळेनं संशोधकांना खुल्या केल्या आहेत. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत 2001 ते 2012 या काळातले 40 हजारांहून अधिक रुग्ण आहेत. पैसे पडत नाहीत. मात्र संशोधनातल्या नीतिनियमांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि करारावर सही करावी लागते. भावाचा हात यावर बसू द्या. पण तिथले निष्कर्ष जसेच्या तसे मराठवाड्यातल्या वॉर्डाला लावू नका. तिथले आजार, औषधं आणि खाटांमागे नर्सेसचं प्रमाण वेगळं आहे.

आपल्याकडच्या नोंदींचा धडा शिकायचा तर तुमच्या शेजारीच बार्शी आहे. तिथली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली सुरू झाली आणि तुमच्या जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत आले. खेड्यातला रुग्ण आपण होऊन मोठ्या रुग्णालयात येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत आणि संशयित रुग्ण शोधत. दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. आपला डेटा पाहताना यात कोण नाही, हे दर वेळी विचारायची सवय लावून घ्या.

एका बाबतीत मात्र सक्त ताकीद. केस पेपरचे फोटो काढून भावाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, सरावासाठीसुद्धा नाही. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं दाखवून दिलं, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पाच आकडी झिप कोड एवढ्यावरून सुमारे 87 टक्के अमेरिकन माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. आपल्या छोट्या गावांत तर एवढंही लागणार नाही. आधी मार्गदर्शक शिक्षक, मग एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी, मगच डेटा. आयसीएमआरची 2017 सालची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं दोघांनीही वाचावीत. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा 2023 सालचा कायदाही माहीत हवा.

अभ्यासाची वाटणी अशी करा. तुम्ही एसक्यूएल शिका. तक्त्यांतून हवी ती माहिती काढण्यापुरतं ते चिकाटी असेल तर लवकर जमतं. त्यानंतर संख्याशास्त्र आणि ‘आर’ किंवा पायथॉनपैकी एक. भावानं सुटीत तुमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात, अर्थात परवानगीनं, बसून कागद कसा फिरतो ते पाहावं. आजारांच्या नोंदीसाठी आयसीडी, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक आणि माहितीच्या देवाणघेवाणीसाठी फायर ही चार प्रमाणं त्यानं समजून घ्यावीत. भारत 2014 साली स्नोमेडचा सदस्य झाला, त्यामुळे ते इथे विनामूल्य वापरता येतं. आरोग्य-नोंदींच्या प्रमाणांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. आणि त्याला कोड लिहायचाच असेल, तर ‘बाह्मणी’ हे मुक्त सॉफ्टवेअर पाहावं. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या रुग्णालयाच्या गरजांतून ते घडलं. त्याचा कोड कोणालाही उघडून पाहता आणि सुधारता येतो.

परदेशी जाणं आवश्यक नाही. आयआयटी मुंबईत कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे. तुम्ही पुढे एमडी केलंत, तर थिसिस करावाच लागेल; विषय यातलाच घ्या. आणि नवं मॉडेल बनवलं तरच संशोधन, असं समजू नका. दुसऱ्याचं मॉडेल आपल्या रुग्णांवर तपासणं हेही पहिल्या दर्जाचं काम आहे. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात असलेलं सेप्सिसची पूर्वसूचना देणारं एक मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रुग्णांवर तपासलं. सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून सुटले होते. 2021 साली हा निकाल प्रसिद्ध झाल्यावर मोठी खळबळ उडाली. भारतीय रुग्णालयांत येणाऱ्या अशा साधनांची तपासणी कोणीतरी करायलाच हवी.

तेव्हा या रविवारी दोघांनी फोनवर बोलून तुमच्या वॉर्डातला एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली लिहा : उत्तरासाठी कोणती नोंद लागेल, ती कोण करतं आणि कधी करतं. तो कागद घेऊन सोमवारी पीएसएम विभागातल्या सरांना किंवा मॅडमना भेटा. संगणक त्यानंतर उघडला तरी चालेल.