व्यायाम ज्याचा त्याचा

येळ्ळूरला कुस्तीची परंपरा आहे. परंतु आखाड्याभोवती बसणारे हजारो आणि आखाड्यात उतरणारे मोजके, ही स्थिती आता केवळ मैदानापुरती राहिलेली नाही. ती आपल्या नित्य जीवनातही शिरली आहे.

पूर्वी भाताची लावणी, विहिरीचे पाणी शेंदणे, बेळगावपर्यंतची पायपीट यांतून शरीराला श्रम आपोआप घडत. आज नळ, ट्रॅक्टर आणि दुचाकी आल्या. आजीच्या कमरेवरील घागर उतरली, हे इष्टच झाले. मात्र श्रम गेले त्या जागी व्यायाम आला नाही. तेथे मोबाइल येऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमदार हालचाल आवश्यक मानली आहे. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के तेवढीही करीत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते.

मग सर्वांकडून एकच कवायत करून घेतली म्हणजे झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकाच वर्गात शेतात राबून येणारा मुलगा असतो, वाहनाने येऊन दिवसभर बसणारा असतो, दम्याने त्रस्त असलेली मुलगीही असते. पहिल्याला जे किरकोळ, ते तिसरीला असह्य. मागे पडणाऱ्याला हसू ऐकावे लागते आणि तो मैदानालाच कायमचा पारखा होतो. व्यायामाची खरी गरज ज्याला, तोच असा दूर जातो!

आपल्या तालमीतील वस्तादांना हे मर्म ठाऊक असते. नवख्या पोराला ते पहिल्याच दिवशी पाचशे जोर काढावयास लावीत नाहीत. त्याचा वकूब पाहून आरंभ करतात व हळूहळू वाढवितात. कुस्तीही जोड पाहूनच लावतात. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात लढले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्पर्धेतही जर वजन पाहून जोड ठरते, तर सरावात प्रत्येकाचे मान का पाहू नये?

विद्यार्थिमित्रांनो, आपला व्यायाम असा ठरवा. प्रथम आठवडाभर रोज किती हालचाल होते, ते वहीत टिपा. मग उणीव पाहा. बैठे जीवन असणाऱ्याने वीस मिनिटे झपाझप चालण्यापासून आरंभ करावा. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढाच वेग असावा. पुढे राजहंसगडाची चढण आहेच. शेतात राबणाऱ्याने अंग लवचीक ठेवणारे सूर्यनमस्कार घालावेत. आठवड्यातून तीनदा स्नायू व हाडे बळकट करणारे जोर, बैठका किंवा दोरीच्या उड्या असाव्यात. व्यायाम थोडा थोडाच वाढवावा. स्नायूंची झीज विश्रांतीत भरून निघते, म्हणून विश्रांतीही घ्यावी. दमा वा हृदयविकार असल्यास वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा.

पालकांनाही एक विनंती. मुलगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे बंद करू नये. वाढीच्या वयात कमावलेली हाडांची बळकटी तिला जन्मभर पुरावयाची असते.

शेजाऱ्याशी तुलना नको. कालच्या आपल्यापेक्षा आज एक पाऊल पुढे पडले, की आपण कुस्ती जिंकली असे खुशाल समजावे.