आधी कल्ले बघा

‘नवीन पाणी आहे, मासा रुळतोय.’ खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा विचित्र वागू लागला की विकणाऱ्याकडून हमखास मिळणारं हे उत्तर मी यापुढे कोणाकडूनही ऐकून घेणार नाही. माझं काय गेलं ते इथे उगाळत बसत नाही. दोष मात्र सगळा माझ्या हौसेवर ढकलला गेला, आणि तो तिथे नव्हता, एवढं आज कारणांसकट मांडता येतं. रुळणारा मासा बुजतो, दगडाआड दडतो, एखाददोन दिवस खात नाही. पण तो धापा टाकत नाही, पंपाच्या धारेत तोंड खुपसून तासन्‌तास उभा राहत नाही, वाळूवर अंग घासत नाही. बुजणं हा माशाचा स्वभाव झाला. धाप लागणं ही पाण्याची तक्रार असते, नाहीतर पाण्यातून आलेल्या रोगाची. या दोन्हींना ‘रुळतोय’ या एकाच शब्दात गुंडाळलं, की उपाय करण्याचे मोलाचे दोन दिवस हातचे जातात.

आपल्या रत्नागिरीत मासळी घेताना कल्ला उचलून रंग पाहिल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. तेच आपण काचेतल्या जिवंत माशाचे कल्ले बघत नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात साधारण ६.४. म्हणजे खाऱ्या टाकीतला मासा मुळातच कमी शिलकीवर जगतो, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ती शिल्लक आणखी घटते. त्यात अमोनियाची भर. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो, आणि त्याचा विषारी भाग किती हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. गोड्या टाकीचा पीएच ७ च्या आसपास असतो, समुद्राच्या पाण्याचा ८.१ ते ८.४. एवढ्या फरकाने तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून ‘मी वीस वर्षं गोल्डफिश पाळतोय’ हा अनुभव इथे कामाचा नाही. उलट तोच खोटा धीर देतो. आणि पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलंच असणार, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो. तो टेस्ट किटमध्येच दिसतो.

यावर मला सुनावलं जातं, की दुकानदार रोज शेकडो मासे हाताळतो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. हाताळतो, हे खरंच आहे. पण त्याच्याकडे एक मासा राहतो किती दिवस? खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरियॉन, माशाच्या अंगावर साधारण ३ ते ७ दिवस असतो. मग तो गळून तळाशी कोष करतो, आणि त्या कोषातून नवी पिल्लं कधी तीन दिवसांत तर कधी चार आठवड्यांनी बाहेर पडतात. काही कोष फुटायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे रोगाचा फेरा पूर्ण व्हायच्या आत मासा विकला गेलेला असतो, आणि दुसरा, जोरदार हल्ला होतो तो घेणाऱ्याच्या घरी. मधल्या काळात ठिपके दिसेनासे होतात. त्याला ‘बरा झाला’ म्हणतात, अभिनंदनही करतात! त्या वेळी परजीवी तळाच्या वाळूत वाढत असतो. विकणाऱ्याचा अनुभव खोटा नाही, अर्धा आहे. पण उरलेला अर्धा सांगायला गिऱ्हाईक परत गेलं, की ‘तुम्ही खाणं जास्त घातलं असेल’ म्हणून त्याची बोळवण होते, आणि हेच मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा. समुद्र दाराशी आहे, मांडवी किनाऱ्याचं पाणी आणून ओता, त्यात मासे जगतातच की. जगतात, पण जून ते सप्टेंबर या काळात मांडवीजवळच भाट्याच्या खाडीतून काजळी नदीचं लाल, गढूळ पाणी समुद्रात उतरत असतं. खारटपणा खुल्या समुद्रात हजारी ३५ च्या आसपास असतो, तो पावसाळ्यात किनाऱ्यालगत खूप उतरतो आणि रोज बदलतो. बंदराजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो तो वेगळाच. ‘खडकांतल्या डबक्यातले मासेही ऊन-पाऊस सोसतातच ना?’ असंही विचारतात. त्या डबक्यात भरती दिवसातून दोनदा नवं पाणी भरते, आणि समुद्रातल्या माशाला नको त्या पाण्यातून निघून जाता येतं. काचेतल्या माशाला जायला जागाच नाही, म्हणून तो पृष्ठभागाशी येतो किंवा धारेत उभा राहतो. रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजल्याशिवाय बाहेरचं पाणी टाकीत ओतू नये. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर क्लोरीन काढलेलं गोडं पाणी घालावं, खारं नाही. मीठ उडून जात नाही.

मग प्रत्येक हालचालीला घाबरायचं का? नाही. काही रास मासे रात्री वाळूत पुरून घेतात, ते मेले समजून लोक वाळू उपसतात. निळा टँग दगडाच्या फटीत आडवा पडून झोपतो. क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, त्यांतला सर्वांत मोठा मादी होतो. लहान मासा तिच्यापुढे अंग थरथरवतो ती शरणागती असते, झटके नव्हेत. या वागण्याला ठरलेली वेळ किंवा ठरलेला जोडीदार असतो, आणि एरवी तोच मासा नीट खातो, नीट श्वास घेतो. वागणं अचानक बदललं, एकाहून जास्त माशांत दिसलं आणि कल्ले भरभर चालत असले, तर ते सोडून देऊ नका. एक विसावलेला मासा निवडून मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते सगळं ठीक असतानाच मोजा, वहीत लिहून ठेवा. आजाराच्या दिवशी तुलनेला दुसरं काही हाती नसतं.

बाकीचं नेहमीचंच आहे: खाणं बेताने, घाई नको, टाकी लावून चार ते सहा आठवडे अमोनिया पचवणारे जीवाणू तयार होईपर्यंत थांबावं. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा, जागा नसली तर घेऊच नये. दिवसभर झोडपणाऱ्या पावसात वीज जाते. २०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१ च्या मेमधलं तौक्ते ही चक्रीवादळं विसरलेला माणूस या जिल्ह्यात नसेल. बॅटरीवरचा एअर पंप महागड्या दिव्याच्या आधी घ्या. तांब्याचं औषध कोळंबी-खेकडे असलेल्या मुख्य टाकीत कधीच टाकू नका. ठिपके जातील आणि ते जीवही जातील. आणि सल्ला घ्यायचा तर ज्याला तुम्हाला मासा विकायचा नाही अशा माणसाचा घ्या. १९५८ पासूनचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि शिरगावचं मत्स्य महाविद्यालय ज्या गावात आहे, तिथे माशाबद्दलचं ज्ञान फक्त दुकानाच्या काउंटरवर शोधण्याचं कारण नाही.

मासा गेलाच, तर ‘अर्धं पाणी लगेच बदला’ हा सल्ला ऐकून हात घालण्याआधी टाकीतलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून घ्या, तेव्हाच तपासा, आकडे आणि वेळ लिहा, किटच्या रंगाचा फोटो काढा. मग उरलेल्या माशांसाठी खुशाल पाणी बदला. पाणी आधीच बदललं गेलं, की अमोनिया किती होता हे कोणालाच दाखवता येत नाही, आणि मग काउंटरच्या पलीकडचा माणूस जे म्हणेल तेच खरं ठरतं.